एका सत्रासाठी ऑस्ट्रेलिया : मी मुलीला पाठवले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाठवीन

मुळामुठा (धागाकर्ती) :

माझी मुलगी पुण्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. तिने पाचवे सत्र, म्हणजे जुलै 2025 च्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ, मेलबर्नमधील एका विद्यापीठात घालवला. ती परत आल्यापासून नातेवाईक आणि तिच्या मैत्रिणींचे पालक एकच प्रश्न विचारतात : चार महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, जायचेच असेल तर पदवीनंतर एम.एस.साठी जावे. माझे मत याच्या उलट आहे. ते येथे मांडते, आणि ज्यांना ते पटणार नाही त्यांनी आपली बाजू मोकळेपणाने लिहावी.

आधी एक फरक सांगणे आवश्यक आहे. आपल्या महाविद्यालयाचा तिकडच्या विद्यापीठाशी देवाणघेवाणीचा करार असेल, तर विद्यार्थी शुल्क आपल्याच महाविद्यालयात भरतो आणि तिकडचे शिक्षण शुल्क माफ असते. असा करार नसेल तर तेच सत्र स्वखर्चाने करावे लागते आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक शुल्क पडते. मी जे काही लिहिते आहे ते पहिल्या मार्गाविषयी आहे. दुसऱ्या मार्गाने मीही मुलीला पाठवले नसते.

आमचा खर्च असा झाला. व्हिसाचे शुल्क आम्ही अर्ज केला तेव्हा 1,600 डॉलर होते. घरभाडे आठवड्याला तीनशे डॉलरच्या आसपास पडले. त्यात जेवणखाण, प्रवास, सक्तीचा आरोग्य विमा आणि विमानाचे तिकीट धरले आणि डॉलर 55 रुपयांचा मानला, तर एकूण सव्वासात लाख रुपये झाले. ही रक्कम लहान नाही, आणि ती आमच्याकडे होती हे आमचे भाग्य आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

आता मिळाले काय, ते सांगते. तिने घेतलेल्या चार विषयांपैकी एक जलव्यवस्थापनाचा होता. मरे-डार्लिंग हे नदीखोरे सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचे आहे आणि ते चार राज्यांत व राजधानीच्या प्रदेशात पसरलेले आहे. 1997 ते 2009 या काळातील दीर्घ अवर्षणाने ते खोरे होरपळून काढले, आणि त्या अनुभवातून 2007 चा जल कायदा आणि 2012 ची खोरे योजना आली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केलेला आहे आणि तो विकता येतो. हे सारे पुस्तकात वाचता येते, हे खरे. परंतु तिच्या वर्गाला उत्तर व्हिक्टोरियातील सिंचन क्षेत्रात नेले होते, आणि तिथे एका दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याने तिला स्वतःच्या हक्काची नोंद संगणकावर उघडून दाखवली. हंगाम सुरू होतो तेव्हा हक्काच्या किती टक्के पाणी मिळणार हे जाहीर होते, पुढे ठरावीक दिवसांनी तो आकडा सुधारला जातो, आणि तो कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमातही पाणी वापर हक्काची कल्पना आहे. ती कल्पना चालू स्थितीत कशी दिसते, हे माझ्या मुलीने प्रथम तिथे पाहिले, आणि घरी आल्यावर तिने आधी तो अधिनियम काढून वाचला. एम.एस.ला गेलेली मुले बहुधा तिकडेच नोकरी शोधतात, कारण कर्ज फेडायचे असते. एका सत्रासाठी गेलेली मुलगी परत येणार हे ठरलेलेच असते, आणि म्हणून ती तिकडचे सर्व काही आपल्या प्रश्नांशी ताडून पाहते.

हिशेबनीस :

ताई, आपण खर्च उघडपणे मांडला याबद्दल आदर वाटतो. तरीही मी आपल्याशी असहमत आहे, आणि असहमती नुसत्या रकमेबद्दल नाही.

विद्यार्थी व्हिसाचे शुल्क 1 जुलै 2025 पासून 2,000 डॉलर झाले आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी जाणाराही तेवढेच भरतो आणि चार महिन्यांसाठी जाणाराही तेवढेच. पर्यटक व्हिसावर तीन महिन्यांपर्यंतच शिकता येते आणि सत्र त्याहून मोठे असते, त्यामुळे पळवाट नाही. अर्ज नाकारला गेला तर ही रक्कम परत मिळत नाही. म्हणजे माझ्यासारख्या पगारदार माणसाने एक लाख दहा हजार रुपये केवळ दारावर थाप मारण्यासाठी द्यायचे.

दुसरा मुद्दा आपल्याच उदाहरणाचा. ऊर्ध्व गोदावरीतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात जो वाद दर तुटीच्या वर्षी उभा राहतो, तो आपण म्हणता त्याच अधिनियमाच्या आधारे लढला जातो. आपल्या मुलीने ते चार महिने पैठणच्या कालव्यावर, शेवटच्या चारीला पाणी का पोचत नाही हे पाहण्यात घालवले असते, तर खर्च पंचवीस हजारही झाला नसता. तिकडे पाण्याचा हक्क असलेला शेतकरी शेकडो हेक्टर बाळगतो. आपल्याकडे दीड-दोन एकरांचे खातेदार आहेत, आणि त्यांच्या हाती विक्रीयोग्य हक्क दिला तर पहिल्याच दुष्काळात तो कोणाकडे जाईल हे सांगायला अभ्यासक लागत नाही. परदेशी नमुना जवळून पाहिला की तो सोपा वाटू लागतो, ही माझी खरी भीती आहे.

मुळामुठा :

पैठणच्या कालव्यावर तिने जावे हे मला मान्य आहे, आणि सहाव्या सत्रानंतरच्या सुट्टीत ती जाणारही आहे. मात्र हक्क विकता यावा असे ती म्हणत नाही. तिच्या मनात राहिली ती नोंद. कोणाला किती पाणी मंजूर झाले आणि प्रत्यक्षात किती मिळाले, हे जिथे प्रत्येकाला दिसते तिथे भांडण आकड्यांवर होते. आपल्याकडे आकडाच हाती नसतो, म्हणून भांडण जिल्ह्याजिल्ह्यांत होते. ही उणीव तिला मेलबर्नला गेल्यामुळे दिसली. इथे राहून ती दिसली नसती असे मी म्हणणार नाही, पण दोन वर्षे इथे शिकून दिसली नव्हती, ही वस्तुस्थिती आहे.

कोकणकडा :

मी स्वतः ब्रिस्बेनमध्ये एक सत्र करून आलो आहे, त्यामुळे माझे मत ऐकीव नाही. मी पुन्हा जाणार नाही, आणि धाकट्या भावालाही जाऊ देणार नाही.

तिकडे पूर्ण वेळ शिकणे म्हणजे सत्राला चार विषय. वर्गातले तास आठवड्याला जेमतेम बारा-चौदा, बाकी वाचन आणि लेखन स्वतःचे. आमच्या महाविद्यालयात त्याच सत्रात पाच विषय, प्रयोगशाळा आणि एक लघुप्रकल्प होता. परतल्यावर समकक्षता समितीने चारपैकी दोन विषय ग्राह्य धरले नाहीत, कारण अभ्यासक्रमाचे घटक जुळत नव्हते. जाण्यापूर्वी विभागाने तोंडी होकार दिला होता, पण कागदावर काहीच नव्हते. राहिलेले विषय मी सहाव्या सत्राच्या विषयांबरोबर दिले. जे दोन ग्राह्य धरले त्यांचे गुणही सरासरीत आले नाहीत, नुसता ‘उत्तीर्ण’ असा शेरा आला. तिकडे 85 टक्क्यांना सर्वोच्च श्रेणी असते आणि 70 मिळणे ही चांगली कामगिरी मानली जाते, हे इथे कोणाला समजावणार?

आणि एकटेपणाविषयी कोणी लिहीत नाही. व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण मिळत असल्याने अर्धा वर्ग येतच नाही. तिथली मुले बहुतेक घरून ये-जा करतात, नोकरी करतात आणि संध्याकाळी निघून जातात. मी ज्यांच्यात राहिलो ते सारे माझ्यासारखेच एका सत्राचे पाहुणे होते. ट्युटोरियलमध्ये बोलण्याचे धैर्य मला दहाव्या आठवड्यात आले आणि बाराव्या आठवड्यात वर्ग संपले. जायचे तर वर्षभरासाठी जावे. एक सत्र म्हणजे भाकरी तव्यावर टाकून लगेच उचलण्यासारखे आहे.

यारा नदीकाठी :

मी चौदा वर्षे मेलबर्नमध्ये राहतो आणि दर जुलैत दोन-तीन मराठी मुलांना घर शोधून देण्याच्या कामात गुंतलेला असतो, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी लिहितो. माझा कल ताईंच्या बाजूने आहे.

घर ही खरी अडचण आहे. बहुतेक भाडेकरार सहा किंवा बारा महिन्यांचे असतात आणि साधारण महिन्याचे भाडे अनामत म्हणून द्यावे लागते. चार महिन्यांच्या भाडेकरूला कोणी दारात उभे करत नाही. त्यामुळे विद्यापीठाचे वसतिगृह महाग असले तरी प्रवेश निश्चित होताच त्यासाठी अर्ज करावा.

अर्धवेळ काम करून खर्च भागेल या हिशेबावर कोणीही येऊ नये. अभ्यासक्रम चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि काम मिळेपर्यंत सत्र अर्धे सरते. जुलै 2025 मध्ये किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झाले आणि नैमित्तिक (कॅज्युअल) कामगाराला त्यावर आणखी पंचवीस टक्के मिळायला हवेत. त्याहून कमी रोख हातावर ठेवणारे मालक आहेत, दुर्दैवाने त्यांत आपलेही लोक आहेत, आणि चार महिन्यांसाठी आलेला मुलगा तक्रार करणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते.

कोकणकडा यांना एक सांगावेसे वाटते. विषय घेऊन पाहिल्यावर तो जुळत नाही असे वाटले, तर इकडच्या दुसऱ्या (जुलै ते नोव्हेंबरच्या) सत्रात साधारण 31 ऑगस्टपर्यंत तो दंडाशिवाय सोडता येतो, आणि बदलायचा असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच हालचाल करावी लागते. इकडे येणाऱ्या मुलांना हे कोणीतरी निघण्यापूर्वी सांगितले पाहिजे.

मांजराकाठ :

मी मराठवाड्यातील एका संलग्न महाविद्यालयात शिकवतो. हा सारा वाद वाचताना मला वाटत राहिले की आमची मुले या वादाच्या बाहेरच आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठाबरोबर जोड अभ्यासक्रम चालवायचा, तर आपल्या संस्थेला नॅकचा (उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचा) किमान 3.01 गुणांक किंवा तत्सम राष्ट्रीय मानांकन लागते. आमच्यासारख्या महाविद्यालयांपैकी बहुतेकांना ती अट आजच दूर ढकलते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी आहे, पदवीच्या एका सत्रासाठी नाही. म्हणजे सत्रासाठी जायचे तर बापाचा खिसा हाच एकमेव मार्ग उरतो.

ऑस्ट्रेलियाने मात्र स्वतःच्या मुलांसाठी तसे ठेवलेले नाही. 2014 पासून त्यांचे सरकार न्यू कोलंबो प्लॅनखाली पदवीच्या विद्यार्थ्यांना आशियात शिकायला जाण्यासाठी सार्वजनिक पैसा देते, आणि त्या यादीत भारत आहे. एक सत्र परदेशात काढणे ही सहल असती तर त्यांनी तिच्यावर करदात्यांचा पैसा खर्च केला नसता. मला हिशेबनीस यांची काटकसर समजते, परंतु ‘इथेच राहा’ हा सल्ला नेहमी ज्यांना पर्याय नाही त्यांच्याच वाट्याला का येतो, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

हिशेबनीस :

सर, आपला प्रश्न रास्त आहे. सरकारने पैसे दिले तर माझा अर्धा विरोध मावळेल. उरलेला अर्धा कोकणकडा यांच्या अनुभवाशी बांधलेला आहे, कारण इथे तिकडचे श्रेयांक (क्रेडिट) ग्राह्य धरले जात नसतील तर शिष्यवृत्तीचा पैसाही वाया जाईल. चारही विषयांची समकक्षता विभागप्रमुखांच्या सहीने लेखी मिळाल्याशिवाय कोणत्याही पालकाने व्हिसाचे शुल्क भरू नये, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे. आणि सत्र निवडताना सातवे टाळावे, कारण त्याच काळात महाविद्यालयांत कॅम्पस प्लेसमेंट सुरू होते.

मुळामुठा :

पूर्णपणे मान्य. आम्ही तो कागद मे महिन्यातच घेतला होता. तिच्या बाबतीत एक विषय जुळत नव्हता, म्हणून तिने तो बदलला. कोकणकडा यांच्यावर झालेला अन्याय मी कमी लेखत नाही. तोंडी होकारावर मुलाला समुद्रापार पाठवणाऱ्या विभागाला त्याचा जाब विचारला गेला पाहिजे.

मांजराकाठ सरांच्या प्रतिसादामुळे मला एक गोष्ट लिहावीशी वाटते, जी मला स्वतःला करार वाचेपर्यंत ठाऊक नव्हती. देवाणघेवाणीत शुल्क माफ होते ते समतोलावर. आपली जितकी मुले तिकडे जातात, साधारण तितकीच तिकडून इकडे यावी लागतात. आमच्या महाविद्यालयात वर्षाला दोनच जागा आहेत, आणि त्या वाढत नाहीत याचे कारण तिकडून येणारी मुले कमी आहेत. जी येतात त्यांना वसतिगृहात खोली मिळत नाही, विषयांची यादी इंग्रजीत वेळेवर मिळत नाही आणि परीक्षेची तारीख शेवटपर्यंत ठरत नाही. माझ्या मुलीची जागा दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्र काढून गेलेल्या एका विद्यार्थिनीमुळे उपलब्ध झाली होती. तिला इथे काय काय सोसावे लागले ते मेलबर्नमध्ये तिने माझ्या मुलीला सांगितले, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटले.

पुढच्या पालक सभेत मी वसतिगृहातील चार खोल्या बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्याचा प्रस्ताव मांडणार आहे. मसुदा लिहून झाला आहे. संलग्न महाविद्यालयातील मुलांना आमच्या करारातील एखादी जागा विद्यापीठामार्फत देता येईल का, हा प्रश्नही मी त्यात घातला आहे. सर, आपली हरकत नसेल तर तो आपल्याला पाठवते. आपल्याकडच्या नियमांत तो कुठे अडेल, हे माझ्यापेक्षा आपल्याला अधिक चांगले कळेल.