मदत हवी आहे: जुनी लष्करी विजार, कापड आणि शिवणीवरून काळ कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी. जुन्या गणवेशांचे किंवा शिवणकामाचे जाणकार असाल तर कृपया वाचा.

गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ आमचं मूळ घर आहे. यंदा पावसाआधी माळा रिकामा केला तेव्हा पत्र्याच्या पेटीत एक खाकी विजार मिळाली. घरात सांगत आलेत की ती खापरपणजोबांची, १८९५ सालची. त्या वर्षी पोर्तुगीज सरकारने इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकला लढायला पाठवायचं ठरवलं, त्यांनी नकार दिला आणि सत्तरीच्या राणे घराण्याच्या साथीने बंड उभं राहिलं. ते मोडायला लिस्बनहून राजपुत्र आफोन्सु फौज घेऊन आला. आमच्या भागात ही हकिगत अजून तोंडोतोंडी आहे. त्यातली एखादी वस्तू खरोखर हाती आली असेल तर ती संग्रहालयात जावी, असं आम्हां सगळ्यांना वाटतं. पण सोबतच्या चिठ्ठीवर '१८९५' लिहिण्याआधी मला खात्री करून घ्यायची आहे. त्या शिपायांविषयी मनात आदर आहे, म्हणूनच घाई नको.

विजार धुतलेली नाही, इस्त्रीही केलेली नाही. भिंगातून जे दिसलं ते असं:

कापड जाड, तिरप्या विणीचं, ड्रिलसारखं. आतल्या शिवणीच्या मायेतून (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडातून) एक सुटा धागा काढून जाळला. कागद जळल्यासारखा वास आला, राख मऊ आणि करडी, कडक गाठ राहिली नाही. म्हणजे सुती. बाहेरून रंग विटलाय, पण मायेच्या आत हिरवट खाकी अजून ताजा आहे.

लांब शिवणी मशीनच्या, दोन्ही बाजूंनी सारखी टीप. काजं मात्र हाताने केलेली आहेत, टाके लहानमोठे. पुढे चेन नाही, बटणं आहेत. त्यातली दोन पत्र्याची, चार भोकांची, लोहचुंबक चिकटतं. एक पांढरट आहे आणि भिंगाखाली त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात, हाडाचं असावं. कमरेला आतून गॅलिसची (विजार खांद्यावरून धरणाऱ्या पट्ट्यांची) बटणं आहेत.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात मारला तर फक्त पायाच्या दुमडीतला दोरा निळसर चमकतो. असा चमकणारा दोरा अलीकडचा असतो, म्हणजे ती दुमड नंतर कोणीतरी घातली असणार.

खरी अडचण दोन गोष्टींची आहे. उजव्या मांडीवर पुढच्या बाजूला सुईच्या भोकांचा चौकोन आहे आणि त्याच्या आतलं कापड कमी विटलेलं आहे. तिथला खिसा उसवून काढलाय. आणि कमरेच्या अस्तरावर शाईचा पुसट शिक्का आहे. टॉर्च आडवा धरला की एका टोकाला मिळणाऱ्या तीन रेघा आणि शेजारी ४ सारखा आकडा दिसतो. हे पोर्तुगीज सैन्याचं चिन्ह असू शकतं का?

प्रतिसाद

फार नीट तपासलंय तुम्ही. मशीनची टीप आणि बटणं यांवरून निकाल लागणार नाही. सिंगरचं पेटंट १८५१ चं आहे, त्यामुळे १८९५ पर्यंत मशीनची शिवण सर्रास झाली होती. विजारीला चेन १९३० च्या दशकात येऊ लागली, पण बटणं त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकली. खाकीचंही तेच. पेशावरकडच्या ब्रिटिशांच्या गाइड्स पलटणीने ती १८४० च्या दशकात वापरायला घेतली आणि न विटणाऱ्या खाकीचं पेटंट १८८४ चं. नुसत्या रंगावरून १८९५ बाद होत नाही.

मला खिसा आणि शिक्का महत्त्वाचे वाटतात. उजव्या मांडीवर पुढे प्रथमोपचाराच्या पट्टीचा छोटा खिसा ही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॅटलड्रेसची (लढाईच्या गणवेशाची) ओळख. तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. हिंदुस्थानात बनलेल्या मालावर बाणासोबत 'आय' हे अक्षर आणि बहुधा साल असतं. तुमचा ४ हा १९४० च्या दशकातल्या, दोन आकड्यांत लिहिलेल्या सालाचा पहिला आकडा असू शकेल. चोर्ला घाट ओलांडला की बेळगाव, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून तिथेच आहे. घरातलं कोणी तिकडे भरती झालं होतं का, विचारा.

शिक्क्यावर पाणी, स्पिरिट, काहीही लावू नका. मोबाइल तिकाटण्यावर ठेवून चारही बाजूंनी आडव्या उजेडात फोटो काढा आणि संगणकावर गडद करून पाहा. विजार धुतलेल्या, खळ नसलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळा, घडी नको. गोव्याच्या पावसात बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरेल. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. आईला विचारलं. पणजोबांचे धाकटे भाऊ बेळगावला 'मिलिट्रीत' होते, एवढं तिला आठवतं. म्हणजे दोन माणसांच्या आठवणी एका विजारीला चिकटल्या असतील. फोटो काढले, 'आय' स्पष्ट दिसतोय, ४ च्या पुढचा आकडा ३ की ८ ते कळत नाही. ३ असेल तर ही युद्धातली, ८ असेल तर स्वातंत्र्यानंतरची, म्हणून हा एक आकडा मला फार हवा आहे. असे शिक्के वाचण्याचा सराव कोणाला असेल तर कृपया लिहा, फोटो पाठवतो. खापरपणजोबांचं नाव पणजीच्या पुराभिलेख खात्यातल्या पोर्तुगीज दप्तरांत शोधायचं आहे. जुनं हस्तलिखित पोर्तुगीज वाचणारं कोणी फोंडा-डिचोली भागात असेल तर तेही सांगा.