तक्रार आधी विश्वस्तांकडे की पोलिसांकडे?

रानजाई
आमच्या धार्मिक संस्थेची बालसंरक्षण नियमावली लिहिणं चालू आहे. मसुद्यातलं चौथं कलम असं: "अत्याचाराची तक्रार आल्यास प्रथम विश्वस्त मंडळाला कळवावे. मंडळ प्राथमिक चौकशी करून पोलिसांना कळवण्याबाबत निर्णय घेईल." बैठकीत मी विरोध केला आणि एकटी पडले. म्हणून इथे मांडते आहे.

प्राथमिक चौकशीत होतं काय? ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून विचारतात. म्हणजे पोलिसांच्या आधी त्याला सगळं कळतं. फोनमधलं पुसायला आणि मुलाच्या घरी जाऊन हातापाया पडायला, नाहीतर दम द्यायला त्याला आठवडा मिळतो. मुलाला पाच मोठ्या माणसांसमोर बसवून तेच तेच विचारतात. पुढे कोर्टात त्याच्या बोलण्यातल्या बारीकसारीक फरकावर बोट ठेवलं जातं.

ऑस्ट्रेलियातल्या रॉयल कमिशनने, म्हणजे मुलांवरच्या अत्याचारांच्या सरकारी चौकशी आयोगाने, २०१५ मध्ये यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची कागदपत्रं तपासली. १९५० पासूनच्या १,००६ आरोपितांच्या फायली निघाल्या. पंथाने त्यातली एकही बाब स्वतःहून पोलिसांना कळवलेली नव्हती. आरोपी नाकारत असेल तर दोन साक्षीदार हवेत, हा त्यांचा धर्मग्रंथावरून आलेला नियम. बंद खोलीत घडणाऱ्या गुन्ह्याला दुसरा साक्षीदार आणायचा कुठून?

साकव
रानजाईताई, तळमळ समजते, पण चौथं कलम पूर्ण चुकीचं आहे असं मला वाटत नाही. मी बरीच वर्षं धार्मिक संस्थेत समुपदेशन करतो. आई जेव्हा दबकत येऊन "मुलगा हल्ली त्यांच्याकडे जायला रडतो" म्हणते, तेव्हा ती तक्रार नसते, शंका असते. त्याच क्षणी मी फोन उचलला तर पुढची आई माझ्या दारात येणारच नाही. शिवाय आरोप खोटा निघाला तर त्या माणसाचं आयुष्य उठतं, ते कुणी भरून देत नाही.

मुक्ता७
साकव, शंका घेऊन आलेल्या आईशी शांतपणे बोलायला कुणाचीच ना नाही. पण कळवायचं की नाही हे मंडळाने ठरवायचं, हा अधिकार त्यांना दिला कुणी? भारतातल्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ "कोणतीही व्यक्ती" म्हणतं, त्यात धर्मगुरूला सूट नाही. गुन्हा घडण्याची नुसती भीती वाटली तरी कळवायचं आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीला संरक्षण आहे आणि मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षाही आहे. मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही, जमेल तिथे महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आणि तोही मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे. तुमच्या बैठकीच्या खोलीत एवढी काळजी घेतली जाते का?

साकव
कायदा मान्य. पण कन्फेशनचं काय? तिथे माणूस देवापुढे आपलं पाप कबूल करतो आणि ऐकणारा पाद्री ते गुपित ठेवायला बांधील असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये पाद्र्यांनाही कळवण्याची सक्ती केली आणि कन्फेशनला सूट दिली नाही. कॅथलिक बिशप कोर्टात गेले आणि जुलैमध्ये न्यायाधीशांनी त्या तरतुदीला रोखलं. गुपित राहणार नाही हे कळलं तर गुन्हेगार तोंडच उघडणार नाही. मग त्याला "स्वतःहून पोलिसांत जा" असं सांगणाराही कुणी उरणार नाही.

मुक्ता७
तो सांगणारा होता तेव्हा काय झालं ते बघा. ॲरिझोनातलं बिस्बी गाव. एका बापाने मॉर्मन पंथाच्या स्थानिक धर्मगुरूला, म्हणजे बिशपला, सांगितलं की मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचार करतो. बिशपने चर्चच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथून सल्ला आला की पोलिसांना कळवू नका. तिथल्या कायद्यात कन्फेशनला सूट होतीच. पुढे सात वर्षं ते चालू राहिलं. मधल्या काळात जन्मलेली धाकटी बहीणही त्यात सापडली. २०१७ मध्ये तो पकडला गेला तो इंटरनेटवरच्या चित्रफितीमुळे, चर्चमुळे नव्हे. इंग्लंड-वेल्सच्या बाल लैंगिक अत्याचार चौकशी आयोगाने २०२२ च्या अंतिम अहवालात म्हणूनच कळवण्याची सक्ती सुचवली आणि धार्मिक गोपनीयतेलाही सूट नको असं सांगितलं.

जुना_कार्यकर्ता
मी अशा एका चौकशी समितीत बसलेलो आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. आई मुलाचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि बोलताना त्याची चेन सारखी उघडत-मिटत होती. मुलगा बाहेर बाकावर. आम्ही तिला विचारलं, "तुम्हाला पक्कं माहीत आहे ना?" तीनदा विचारलं. इतिवृत्तात लिहिलं, "संबंधितांस समज देण्यात आली." मग त्या माणसाची दुसऱ्या शाखेत बदली केली आणि तिथल्या कुणालाही काही सांगितलं नाही. ठरावाला माझाही हात वर होता. आमच्यात वाईट माणूस कुणी नव्हता हो. प्रत्येकाला संस्थेचं नाव वाचवायचं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण न्याय करतोय. त्या दुसऱ्या शाखेतल्या मुलांचं काय झालं हे विचारायला मी कधी गेलो नाही.

साकव
हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. बदलीचं समर्थन मी करणार नाही. लहान मूल धोक्यात असेल तर मंडळाची वाट बघू नये, हेही मानतो. पण एक अडचण राहतेच. पस्तिशीतली बाई लहानपणचं सांगते आणि म्हणते, "घरी अजून माहीत नाही, पोलीस नकोत." तिच्या आयुष्याचा निर्णय पुन्हा एकदा दुसऱ्यानेच घ्यायचा?

रानजाई
हा प्रश्न खरा आहे. तिच्या मनाविरुद्ध करणं मलाही जड जाईल. तरी मी तिला एक विचारेन, तो माणूस आज कुठे आहे आणि त्याच्याजवळ मुलं आहेत का? असतील तर मला गप्प बसता येणार नाही, आणि हे तिने बोलायला सुरुवात करण्याआधीच तिला सांगायला हवं, नंतर नव्हे.

पुढच्या बैठकीसाठी चौथं कलम असं लिहिलं आहे: "ज्याला कळले त्याने त्याच दिवशी स्वतः पोलिसांना कळवावे. त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही. मंडळाला त्यानंतर सांगावे. आरोपिताशी कुणीही बोलू नये." जुना_कार्यकर्ता, बदलीबद्दलचं वाक्य तुम्ही सुचवाल का?