शिकारी, पारधी, व्याध: अर्थ एकच का?

एका अनुवादात "शिकारी" हा शब्द पानापानावर येतोय, वाचायला कंटाळा येतो, तर मधेमधे "पारधी" किंवा "व्याध" टाकलं तर चालेल का? कोशात तर तिन्ही एकमेकांसमोर दिलेत.

~

कोशात दिलेत खरे पण म्हणून अदलाबदल करू नका. शिकारी हे नुसतं कामावरून पडलेलं नाव, मूळ फारसी शिकार, त्याला ई लागली की झालं. राजा असो, साहेब असो, हौशी माणूस असो, सावजाच्या मागे गेला की शिकारी, आणि कुत्रा नि ससाणासुद्धा शिकारीच. गंमत म्हणजे साहेब लोकांच्या इंग्रजीत हाच शब्द गेला तो आधी माग काढून देणाऱ्या गावच्या वाटाड्यासाठी, मग साहेब स्वतःलाही तेच म्हणवून घ्यायला लागला!

पारधीचं तसं नाही. मुळात पारध करणारा तो पारधी एवढंच, पारधचा संबंध संस्कृत "पापर्द्धि"शी लावतात म्हणजे शब्दातच पाप बसलंय. पण आज पारधी म्हटलं की आधी जमात डोळ्यापुढे येते, धंदा नंतर. त्यातही फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर, लावे, हरणं धरणारे, आणि चित्तेपारधी संस्थानिकांसाठी चित्ते धरून त्यांना शिकारीला तयार करणारे, कोल्हापूर संस्थानात होते असे. या जमातीवर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला होता, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी लोकांची नजर काही बदलली नाही, म्हणून तर सांभाळून वापरायचा शब्द आहे हा. "जंगलात पारधी पकडले" असं लिहिलंत तर तुम्ही गुन्हा नाही, जात लिहिताय. तिथे सरळ "चोरटे शिकारी" लिहा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारी शब्दाचा जुना रुबाबही गेलाच म्हणा.

~

व्याध पुराणकथेतच शोभतो, कृष्णाच्या पायाला बाण लागला तो जरा नावाच्या व्याधाचा. अमरकोशात व्याध, मृगयु, लुब्धक हे एकत्रच येतात, त्यातले व्याध आणि लुब्धक एका ताऱ्याचीही नावं आहेत. मृग नक्षत्रात मधे ओळीने तीन तारे दिसतात ना, तो या व्याधाने मारलेला बाण, ती रेघ खाली वाढवत नेली की थेट त्या लखलखीत ताऱ्यापाशी पोचते. आजच्या बंदूकवाल्याला व्याध म्हणालात तर विनोद होईल.

~

हाकारे विसरू नका, रान उठवणारे, ढोल डबे बडवत जनावर मचाणाकडे रेटणारे. ते मारत नाहीत त्यामुळे शिकारी नव्हेत, बक्षीस आणि फोटो मात्र मचाणावरच्याला. आणि वाघूर वाचून वाघ समजू नका, ससे हरणांच्या वाटेवर आडवं लावायचं जाळं ते, संस्कृत वागुरा, ते लावणारा वागुरिक.

~

मग अनुवादात शिकारीच ठेवतो, जिथे फारच होईल तिथे नुसतं "तो".