पगारातून ईएसआय कापलं, पण भरलंच नाही (कुपवाड एमआयडीसी)

सर्वांना नमस्कार,

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका फाउंड्रीत भावाच्या पगारस्लिपवर दरमहा ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात दिसते. ईएसआयच्या दवाखान्यात गेलं की मात्र 'हप्ते आलेले नाहीत' म्हणून परत पाठवतात. मालकाचं 'भरतो, भरतो' चालूच आहे. पगार १८,००० रुपये. दावा मालकावर लावायचा की विमा चालवणाऱ्या महामंडळावर (ईएसआयसी)? आणि गावाकडं घरात कुणी साखर कारखान्यात असेल तर त्यालाही हेच लागू का?

– मस्कतहून

———

दादा,

आधी आकडा बघा. १८,००० वर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५. मिळून ७२० रुपये, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. हे दर जुलै २०१९ पासूनचे.

भावाला म्हणा, पगारस्लिप बाजूला ठेव आणि ईएसआयसीच्या पोर्टलवर आपला दहा आकडी विमा क्रमांक टाकून महिनावार नोंद बघ. स्लिपवर २६ दिवस आणि पोर्टलवर शून्य, अशी जोडी सापडली की निम्मं काम झालं. दोन्हीची प्रिंट काढून ठेवायची.

लोक चुकतात ते कुठल्या महिन्यांचा हिशोब लागतो त्यात. फेब्रुवारीत आजारी पडलेल्याचे आदल्या एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस मोजले जातात. ऑक्टोबर ते मार्चचे हप्ते पुढच्या जुलै ते डिसेंबरसाठी. त्यामुळं मालकानं घाईघाईत भरलेलं गेल्या महिन्याचं चलन दाखवून काही होत नाही. आजारपणाच्या भत्त्याला त्या सहा महिन्यांत ७८ दिवसांचे हप्ते लागतात. भत्ता सरासरी रोजाच्या ७० टक्के, म्हणजे ६०० रुपये रोज असेल तर दिवसाला ४२०. कामावर अपघात झाला तर दिवसांची ही अट नाही, पहिल्याच दिवशी हात मशीनमध्ये गेला तरी हक्क आहे.

आता मूळ प्रश्न. मालकानं भरलं नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं (२१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या महिन्यांसाठी) कलम ६८ त्यासाठीच आहे. महामंडळ कामगाराला पूर्ण भत्ता देऊ शकतं आणि मग मालकाकडून फरक किंवा बुडवलेल्या हप्त्यांची दुप्पट, यातलं जे जास्त ते वसूल करतं. भारगत इंजिनिअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हेच धरलं: हप्ता वेळेत गेला की नाही, यावर विमाधारकपण अवलंबून नाही.

म्हणून पैशाचा दावा महामंडळाच्या शाखा कार्यालयात, आणि लेखीच. काउंटरवरच्या 'नाही'ला कोर्टात किंमत नसते. अर्ज द्या, पोच घ्या, नकार आला तर तोही कागदावर मागा. रक्कम देय झाल्यापासून बारा महिन्यांत मागणी गेली पाहिजे, त्यानंतर कर्मचारी विमा न्यायालयात कलम ७५ खाली जायला तीन वर्षं मिळतात. तिथं महामंडळ आणि मालक दोघांनाही पक्षकार करा. एकाला सोडलं की दुसरा त्याच्याकडं बोट दाखवतो.

– जर्सी सिटीहून

———

काका, थोडी भर घालते.

मालकाविरुद्ध तक्रार वेगळी द्यायची, त्याच अर्जात घुसडायची नाही. मालक रजिस्टर दाखवत नसला तर महामंडळाचा अधिकारी १९४८ च्या कायद्याच्या कलम ४५-अ खाली थकबाकी ठरवतो, पण पाच वर्षांपलीकडची नाही. म्हणून 'बघू दिवाळीनंतर' करत बसू नये. थकबाकीवर १२ टक्के व्याज, वर थकबाकीइतक्या रकमेपर्यंत दंडवसुली. त्याच कायद्याखाली मालकाला विमा न्यायालयात जायचं तर मागणीच्या ५० टक्के आधी भरावे लागतात (न्यायालय कमी करू शकतं). त्यामुळं बरेच जण तडजोडीला येतात ते याच टप्प्यावर.

कापून न भरणं हा गुन्हा आहे, १९४८ च्या कायद्यात त्याला एक ते तीन वर्षं कैद आणि दहा हजार दंड होता. कापलेली रक्कम कायद्यानं विश्वासानं सोपवलेली मानतात. मॅनेजरही सुटत नाही: २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच प्रकरणात एका जनरल मॅनेजरची शिक्षा कायम ठेवली.

एक खोड नेहमी दिसते. पकडले गेल्यावर मालक मागच्या दोन वर्षांचा कामगाराचा हिस्सा चालू पगारातून कापायला लागतो. तसं चालत नाही. ज्या महिन्याचा हिस्सा त्याच महिन्याच्या पगारातून, नंतर सगळं मालकाच्या खिशातून.

कामगार ठेकेदाराचा असेल तरी भरायची जबाबदारी मूळ कारखान्याची, त्यांनी ठेकेदाराकडून नंतर घ्यावं. मात्र तक्रारीआधी एक खात्री करा. मिरज एमआयडीसीतनं कुपवाडला नोकरी बदलली की कधीकधी नवा विमा क्रमांक काढतात, आणि हप्ते दोन क्रमांकांत विखुरतात. तिथं बुडवेगिरी नसते, दोन्ही क्रमांक जोडून घेतले की प्रश्न मिटतो.

– दुबईहून

———

साखर कारखान्याचं राहिलं. नुसता ऊस गाळून साखर करणारा कारखाना त्या कायद्यात हंगामी धरलाय, म्हणून ईएसआयच्या बाहेर. तिथं पगारातून 'मेडिकल' म्हणून काही कापत असतील तर ती खाजगी गट पॉलिसी असणार. पॉलिसी क्रमांक आणि शेवटच्या प्रीमियमची पावती मागा, वरचं कलम ६८ तिथं लागत नाही.

आणखी एक. १९४८ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. अर्जात थकबाकीचे महिने त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन वेगळ्या तक्त्यांत द्या, आणि नंतरच्या तक्त्याखाली वरची कलमं टाकू नका.

– जर्सी सिटीहून