गुण कॉलेजला जात नाहीत, तरीही
कुणीतरी विचारलंय, पीएसएटीचे (एसएटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेआधी शाळेत देतात ती पूर्वपरीक्षा) गुण कॉलेजं बघतच नाहीत, मग अमेरिकेतल्या मुलांनी ती द्यायची कशाला? माझ्या मते नेमकी त्यासाठीच द्यावी. २ तास १४ मिनिटांत ९८ प्रश्न, त्यात प्रत्येक विषयाचे दोन भाग, आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. स्क्रीनवर वरच्या बाजूला वेळ उलटा सरकत असतो आणि येणारं गणितसुद्धा हातून सुटतं. ते इथे सुटलेलं बरं, एसएटीत नको. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी मुलं प्रश्न कोरे सोडतात (ही सवय मोडायलाच हवी). शिवाय अकरावीत ऑक्टोबरमध्ये दिलेल्या परीक्षेवर नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली चाळणी होते. दहावीत दिली तर निव्वळ सराव, पण मला तोही मोलाचा वाटतो.