स्थानबद्ध, हद्दपार, काळं पाणी : नक्की फरक काय?

नाशिकमधल्या क्रांतिकारकांवर शाळेसाठी फलक करतोय. मजकुरात आलंय की १९०७ ला लाला लजपतरायांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १९०९ ला बाबाराव सावरकरांना हद्दपार केलं. शब्द बरोबर आहेत का? आणि स्थानबद्ध म्हणजे नजरकैदच ना?

—

दादा छापायला देऊ नका, दोन्ही उलटं झालंय. लालाजींवर खटलाच चालला नाही तर शिक्षा कसली? मे १९०७ मध्ये लाहोरात धरलं आणि १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली (कंपनी सरकारच्या काळातला, खटल्याविना कोंडायची मुभा देणारा कायदा) थेट मंडालेला नेऊन ठेवलं, आरोपपत्र नाही, कोर्ट नाही, वकील नाही, आणि नोव्हेंबरात सोडलं तेही सरकारच्याच मर्जीने. याला 'विनाचौकशी हद्दपारी' म्हणा. टिळकही मंडालेलाच होते, पण त्यांच्यावर १९०८ ला मुंबई हायकोर्टात ज्युरीपुढे खटला चालून सहा वर्षांची शिक्षा झाली होती. बाबारावांवरही खटला चालला, त्यांना जन्मठेप काळं पाणी. या खटल्यांत न्याय झाला असं मी अजिबात म्हणत नाही, पण तिथे निदान आरोप काय ते कळलं, अपील करता आलं. तिसऱ्या रेग्युलेशनमध्ये कैद्याला ना खटला ना अपील, फार तर सरकारकडे अर्ज करता यायचा, आणि ज्याच्या ताब्यात तो आहे त्या अधिकाऱ्याने दर १ जानेवारी आणि १ जुलैला त्याची वागणूक आणि तब्येत वर कळवायची. किती वर्षं ठेवायचं याला मुदतच नाही!

—

आपल्याकडचं उदाहरण घ्या ना, पुण्याचे नाटू बंधू. प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर १८९७ ला दोघांना उचललं, मुंबई इलाख्याचं वेगळं रेग्युलेशन होतं १८२७ चं पंचविसावं, त्याखाली. मालमत्तेवर जप्ती आली आणि सुटले १८९९ ला. गुन्हा शेवटपर्यंत शाबीत नाही कारण शाबीत करायची गरजच ठेवली नव्हती. याचा मला फार राग येतो.

—

नजरकैदेबद्दल : घरात किंवा वाड्यात पहाऱ्याखाली ठेवलं तर नजरकैद, जसं १९४२ ला गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये. स्थानबद्ध त्याहून मोठा शब्द आहे, त्याच साली नगरच्या किल्ल्यात ठेवलेले नेहरू, आझादही स्थानबद्धच आणि १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायची बंदी असलेले तात्याराव (वि. दा.) सावरकरही स्थानबद्धच, फक्त ते तुरुंगाबाहेर होते. नाशिकच्या पेपरात येतं ते 'तडीपार' वेगळं, त्यात माणसाला जिल्ह्याबाहेर घालवतात, कोंडत नाहीत. फलकावर लालाजी आणि नाटूंपुढे 'खटला न चालवता' हे शब्द टाकाच, मुलं नाहीतर शिक्षा झाली म्हणजे गुन्हा केला असेल असंच धरून चालतील.