मदत हवी आहे: हळदीच्या दरांची साइट टॉकबॅकवर वाचली जात नाही (सांगली)

धागाकर्ता:
सांगलीतल्या एका अडत दुकानाची वर्डप्रेस साइट आहे. सौदे झाले की हळदीचे दर एक्सेलमध्ये भरतात आणि त्याचा जेपीजी साइटवर टाकतात. दृष्टिहीन शेतकरी टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून उघडतात, तर दरांच्या जागी नुसतं 'इमेज' ऐकू येतं. खालचा मराठी मजकूर कधी इंग्रजी धाटणीत वाचला जातो, कधी वाचलाच जात नाही. जुनी पानं शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. वर पिवळी पट्टी, पांढरी अक्षरं आणि सरकती सूचना. एखादं ॲक्सेसिबिलिटी प्लगइन (साइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून जोडायची सोय) टाकून भागेल का?

कृष्णाकाठ:
प्लगइनवर पैसे घालवू नका. ते अक्षर मोठं करील, रंग बदलेल. चित्रात अडकलेला दर काही बाहेर काढून देणार नाही. ऑल्टमध्ये (चित्राचं वर्णन लिहायच्या जागेत) सगळे दर कोंबले तरी ते एका दमात ऐकावे लागतात, हवा तेवढाच दर शोधता येत नाही.

दर खऱ्या एचटीएमएल टेबलात आणा. वरच्या ओळीत जात, किमान, कमाल, सर्वसाधारण. हे चारही टीएच (शीर्षकाचा खाना), स्कोप कॉल (म्हणजे त्या रकान्याचं शीर्षक). प्रत्येक ओळीचा पहिला खाना, म्हणजे 'राजापुरी हळकुंड', 'राजापुरी गड्डा', तोही टीएच, स्कोप रो (त्या ओळीचं शीर्षक). मग कमाल रकान्यातून खाली उतरताना एनव्हीडीए (विंडोजवरचा स्क्रीन रीडर) जातीचं नाव आणि दर दोन्ही सांगतं. हे नसेल तर नुसते आकडे ऐकू येतात. कुठला आकडा कशाचा, हे ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं? त्यावर त्याचा माल विकायचा की थांबायचं हे ठरतं, म्हणून इथे ढिलाई नको.

कॅप्शनमध्ये तारीख आणि 'रुपये प्रति क्विंटल' लिहा. खाने मर्ज करू नका. 'राजापुरी' एकदाच लिहून दोन-तीन ओळी जोडायची एक्सेलमधली सवय असते, तिथेच नाव आणि दराची जोडी तुटते. चित्र व्हॉट्सॲपपुरतं ठेवा.

विश्रामबाग_वेब:
उच्चाराचं मूळ बहुधा पानाच्या लँगमध्ये (पानाची भाषा सांगणाऱ्या कोडमध्ये) आहे, ते 'ईएन' म्हणजे इंग्रजी राहिलं असणार. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली की 'एमआर' होतं. थीमच्या हेडर फाइलमध्ये हाताने लिहिलेलं असेल तर तिथे बदला. ऐकणाऱ्याच्या फोनवर मराठी आवाजही उतरवलेला हवा.

शिवाजीचं दुखणं वेगळं. पडद्यावर 'हळद' दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि नंतर रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप झालेली असते, म्हणून रूपांतरात ती हमखास घसरते.

पट्टीचं: गडद हळदी पिवळ्यावर पांढऱ्या अक्षराचा कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) साधारण १.६ ला १ भरतो. डब्ल्यूसीएजीच्या (वेब ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या) एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ लागतं. त्याच पिवळ्यावर काळं लिहा, १२ च्या वर जाईल. सूचना आपोआप सरकत ५ सेकंदांहून जास्त चालत असेल तर थांबवायची सोय हवी. त्यापेक्षा स्थिर ओळ बरी. आणि देवनागरीला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेघ तुटते आणि कमी दिसणाऱ्यांना शब्द जुळवत बसावं लागतं.

धागाकर्ता:
आभार. पण दिवाणजी एक्सेल सोडणार नाहीत. शिवाय व्हॉट्सॲपच्या बटणावर टॉकबॅक 'अनलेबल्ड' म्हणतं.

कृष्णाकाठ:
एक्सेल राहू दे. 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करून टेबलाच्या प्लगइनमध्ये इम्पोर्ट करा. साधं सीएसव्ही निवडलं तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात. पहिला रकाना टीडीच (साधा खाना) राहिला नाही ना, हे ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये बघा. बटणाच्या चित्राशेजारी, त्याच लिंकमध्ये, 'व्हॉट्सॲपवर विचारा' असा दिसणारा मजकूर लिहा. एरिया-लेबलनेही (फक्त स्क्रीन रीडरला कळणारं, न दिसणारं नाव) काम होतं, पण दिसणारा मजकूर सगळ्यांनाच कळतो.

तपासायला एनव्हीडीए फुकट मिळतं. स्क्रीन बंद करा, टी दाबून टेबलावर जा, कंट्रोल-ऑल्ट धरून बाणांनी खाने फिरा. मग तक्रार केलेल्या शेतकऱ्यांपैकीच कोणाला तरी राजापुरी गड्ड्याचा आजचा कमाल दर शोधायला सांगा. ते कुठे अडतात तेवढं लिहून घ्या, मधे सांगू नका.